धूप, बंधारा आणि रस्ता : मालवण किनाऱ्यावरील मार्ग आत नेण्याच्या प्रश्नाचा आढावा

समुद्राच्या धुपेने धोक्यात आलेला रस्ता आतल्या बाजूला हलवावा, की तो आहे तिथेच राखण्यासाठी किनारा दगडांनी बांधून काढावा, या प्रश्नावर जगभरच्या किनारी प्रदेशांत गेली काही दशके विचार चालू आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मात्र तो स्वतंत्र प्रश्न म्हणून क्वचितच मांडला जातो. दर पावसाळ्यात मागणी होते ती धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची, आणि बंधारा झाला म्हणजे रस्ताही वाचला असे गृहीत धरले जाते. मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावर या गृहीतकाची तपासणी करणे अगत्याचे आहे, कारण इथे जांभ्याचे कडे आणि वाळूचे दांडे ही दोन अगदी वेगळी भूरूपे काही किलोमीटरच्या अंतराने शेजारी नांदतात आणि ‘रस्ता आत नेणे’ या शब्दांना दोन्हींवर वेगवेगळा अर्थ प्राप्त होतो. कड्यावरचा रस्ता हलवणे हा मुख्यतः आखणीचा आणि भूसंपादनाचा प्रश्न ठरतो, तर वाळूच्या दांड्यावर तो थेट वस्तीच्या भवितव्याचा प्रश्न बनतो. या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळेच आजवरची चर्चा बंधाऱ्याच्या पलीकडे गेलेली नाही.

किनाऱ्याची घडण

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला असून देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे त्याचे तीन किनारी तालुके आहेत. उत्तर आणि मध्य कोकणात सर्वत्र आढळणारा दख्खनचा काळा पाषाण दक्षिणेकडे येता येता विरळ होत जातो, आणि मालवणच्या परिसरात त्याहून कितीतरी जुने वालुकाश्म, क्वार्टझाइट आणि पट्टिताश्म उघडे पडलेले दिसतात. या जुन्या खडकांवर बऱ्याच ठिकाणी जांभ्याचे जाड कवच आहे. उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानात मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून जाऊन लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली, की जो तांबडा, सच्छिद्र खडक तयार होतो तो जांभा. खाणीतून काढताना तो नरम असतो, हवा लागल्यावर कडक होतो, आणि म्हणूनच त्याचे चिरे कोकणातील घरांना पिढ्यान्‌पिढ्या पुरले. जांभ्याचा सपाट माथा म्हणजे सडा, आणि सडा समुद्रापाशी जिथे एकदम तुटतो तिथे कडा तयार होतो.

दोन सड्यांच्या मधल्या खोलगट भागांतून सह्याद्रीकडून येणाऱ्या लहान नद्या समुद्राला मिळतात. त्यांच्या मुखांशी नदीने आणलेली वाळू आणि लाटांनी किनाऱ्याला समांतर वाहून नेलेली वाळू एकत्र साठून लांबट दांडे तयार झाले आहेत. कर्ली नदीच्या मुखाशी तारकर्लीपासून दक्षिणेकडे पसरलेला देवबागचा दांडा आणि गड नदीच्या मुखाशी सर्जेकोटच्या समोर येऊन थांबणारा तोंडवळी-तळाशीलचा दांडा ही त्याची ठळक उदाहरणे होत. या गावांच्या एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे. माडांच्या बागा, घरे, शाळा, देवळे आणि एकमेव रस्ता हे सारे मधल्या अरुंद पट्टीवर वसलेले आहे.

रस्ता किनाऱ्यावर कसा आला

ऐतिहासिकदृष्ट्या कोकणचा मुख्य प्रवास जलमार्गाने होत असे. मालवण, वेंगुर्ला, विजयदुर्ग ही बंदरे समुद्राने परस्परांशी जोडलेली होती आणि जमिनीवरचे रस्ते बंदरापासून घाटाकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जात. पुढे मुंबई-गोवा महामार्ग आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे हे दोन्ही दक्षिणोत्तर मार्ग किनाऱ्यापासून बरेच आत, कणकवली-कुडाळ-सावंतवाडी या रेषेवर गेले. किनाऱ्याने जाणाऱ्या अखंड रस्त्याच्या कल्पनेला बॅ. ए. आर. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९८०–१९८२) चालना मिळाली आणि रेवस ते रेडी हा सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी महामार्ग टप्प्याटप्प्याने, खाड्यांवरच्या पुलांची वाट पाहत, आकाराला येऊ लागला. अलीकडच्या काळात हे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले आहे.

सागरी महामार्ग हे नाव असले तरी हा मार्ग सर्वत्र समुद्राला चिकटून जात नाही. मालवणाहून परुळे-वेंगुर्ल्याकडे जाताना कर्लीची खाडी मुखाशी न ओलांडता वरच्या अंगाला ओलांडावी लागते, त्यामुळे देवबाग मुख्य मार्गापासून बाजूला पडते. धुपेचा खरा ताण मुख्य मार्गावर येण्याआधी गावांना जोडणाऱ्या दुय्यम रस्त्यांवर येतो, ही बाब निधीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण महामार्गासाठी जी यंत्रणा आणि जो पैसा उभा राहतो, तो ग्रामीण रस्त्याच्या वाट्याला येत नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाल्यानंतर याच दुय्यम रस्त्यांच्या कडेने न्याहारी निवास, खानावळी आणि जलक्रीडेची केंद्रे उभी राहिली, आणि रस्त्यावर अवलंबून असलेल्यांची संख्या वाढत गेली.

कडा कसा ढासळतो, पुळण कशी खचते

जांभ्याच्या कड्याची धूप दोन बाजूंनी होते. वरचे कवच कडक असले तरी त्याच्याखाली बहुधा मऊ मातीचा थर असतो, ज्याला कोकणात शेडी म्हणतात. उधाणाच्या लाटा कड्याचा पायथा कोरतात, हे सहज लक्षात येते. परंतु तितकेच काम पाऊस करतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडणारे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून आणि उभ्या भेगांतून खाली झिरपते, शेडीच्या थराशी अडते आणि कड्याच्या तोंडावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. ओली शेडी घसरून गेली की वरचे कवच अधांतरी राहते आणि एखाद्या पावसाळ्यात उभ्या भेगेवर तुटून त्याचे प्रचंड धोंडे खाली येतात. हे धोंडे पायथ्याशी काही काळ लाटांचा मारा झेलतात, त्यामुळे कडा वर्षानुवर्षे जागचा हलला नाही असे वाटते; ते फुटून वाहून गेले की कोरण्याचे चक्र नव्याने सुरू होते.

कड्याच्या काठाने रस्ता जात असेल, तर तो स्वतःही या प्रक्रियेत भर घालतो. डांबरी पृष्ठभागावर पडलेले पाणी जमिनीत न मुरता गटारात जाते, गटार मोरीपाशी संपते, आणि मोरीचे तोंड उतार म्हणून समुद्राच्या बाजूला सोडलेले असते. सड्यावर पसरून मुरणारे पाणी अशा रीतीने एका ठिकाणी एकवटून कड्याच्या माथ्यावर ओतले जाते आणि तिथे घळ पडू लागते. म्हणून कड्यावरच्या रस्त्याची पाहणी करताना समुद्राइतकेच गटारांकडे पाहावे लागते, आणि पाणी डोंगराच्या बाजूने वळवून सुरक्षित व्हाळात सोडल्याने काही ठिकाणी मार्गबदलाची गरज बरीच लांबवता येते.

वाळूच्या दांड्याची वागणूक निराळी असते. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून उथळ समुद्रात नेतात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होत गेला की तीच वाळू हळूहळू परत येते. हा वार्षिक हिशेब जुळत राहिला तर दांडा टिकतो. नदीतून येणारी वाळू कमी झाली, खाडीतील वाळूउपशाने तळ खोल गेला, मुखाची दिशा बदलली, किंवा पाठोपाठच्या वादळांनी परत येण्यास अवधीच दिला नाही, तर हिशेबात तूट येते आणि किनारा मागे सरतो. ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ चक्रीवादळाने, ते किनाऱ्यावर न धडकताही, देवबाग परिसरात समुद्राचे पाणी वस्तीत घुसवले, आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ने किनाऱ्याला जवळून समांतर जात देवगड, मालवण आणि वेंगुर्ला या तिन्ही तालुक्यांत मोठे नुकसान केले. या घटनांच्या मागे समुद्रपातळीची संथ वाढही आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या मूल्यांकनानुसार उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या काळात ती वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर होती, म्हणजे आधीच्या शतकातील वेगाच्या दुपटी-तिपटीची.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने उपग्रहचित्रांच्या आधारे १९९० ते २०१८ या काळातील किनारारेषेचा अभ्यास केला, त्यात देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भाग धुपत असल्याचे, तर महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५.५ टक्के असल्याचे आढळले. केरळच्या ४६.४ टक्क्यांशी तुलना करता महाराष्ट्राची स्थिती बरी दिसते, पण या सरासरीचा अर्थ जपून लावला पाहिजे. खडकाळ किनारा ‘स्थिर’ गटात मोजला जातो आणि त्यामुळे राज्याचा आकडा खाली येतो. धूप मात्र नेमकी वस्ती असलेल्या पुळणींवर आणि खाडीमुखांशी एकवटलेली असू शकते. शिवाय कड्याची धूप टप्प्याटप्प्याने, एकदम कोसळण्याच्या रूपात होत असल्याने दोन चित्रांतील रेषेच्या फरकावरून तिचा अंदाज बांधणे कठीण असते. रस्त्यासंबंधी निर्णय घ्यायचा तर प्रत्येक कड्याची आणि प्रत्येक दांड्याची वेगळी मोजणी लागते.

बंधाऱ्याचे काम आणि त्याची मर्यादा

धूपप्रतिबंधक बंधारा म्हणजे किनाऱ्याच्या उतारावर मोठे दगड, काही ठिकाणी टेट्रापॉड या चौपायी काँक्रीटच्या ठोकळ्यांसह, थरांनी रचून केलेली भिंत होय. तिच्यामागची जमीन ती काही काळ निश्चित राखते, आणि घरापासून समुद्र काही पावलांवर आलेल्या कुटुंबाला तिच्याखेरीज तातडीचा दुसरा आधार नसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भिंतीवर आदळलेली लाट परत फिरताना पायथ्याची वाळू उचलून नेते, त्यामुळे समोरची पुळण खचत जाते आणि भिंतीचा पायाच उघडा पडतो. भिंत जिथे संपते तिथे लाटांचा जोर पुढच्या उघड्या भागावर जातो, आणि पुढच्या वाडीतून बंधारा वाढवण्याची मागणी येते. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावात जुन्या दगडी बंधाऱ्याला पावसाळ्यात वारंवार भगदाडे पडत गेली आणि अखेर अधिक भक्कम नवा बंधारा हाती घ्यावा लागला, तो इतिहास मालवणच्या दृष्टीने बोलका आहे.

बंधाऱ्याची किंमत पैशांपलीकडेही मोजावी लागते. किनाऱ्यावरून ओढून मासे पकडण्याच्या रापण पद्धतीला मोकळी, सलग पुळण लागते. दगडांच्या राशीवर जाळे ओढता येत नाही आणि होड्याही वर घेता येत नाहीत. पर्यटक ज्या वाळूसाठी येतात तीच वाळू बंधाऱ्यासमोर कमी होत जाते. बांधकामाऐवजी मर्यादवेल, केवडा यांसारख्या वनस्पतींनी वाळू धरून ठेवण्याचे, भू-वस्त्राच्या वाळूभरल्या नळ्या ठेवण्याचे किंवा समुद्रात पाण्याखाली कृत्रिम रीफ उभारून लाटांचा जोर आधीच मोडण्याचे उपायही आहेत. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकातील बंदराच्या भिंतींमुळे नाहीशी झालेली पुळण रीफ आणि वाळूभरणी यांच्या मदतीने अंशतः परत आली. तथापि आंध्र प्रदेशातील काकिनाडा-उप्पाडा किनारी रस्ता नळ्या आणि दगड वापरूनही वादळांत पुन्हापुन्हा तुटत राहिला, यावरून एकाच उपायाचे यश ठिकाणागणिक किती बदलते हे स्पष्ट होते.

रस्ता हलवल्याची उदाहरणे

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रशांत महासागराच्या काठाने जाणाऱ्या राज्य महामार्ग क्रमांक एकचा पिएद्रास ब्लांकास येथील सुमारे साडेचार किलोमीटरचा भाग २०१७ मध्ये जास्तीत जास्त दीडशे मीटरच्या आसपास आत नेण्यात आला. कड्याच्या धुपेचा वेग मोजून, पुढच्या शंभर वर्षांत काठ कुठवर येईल याचा अंदाज बांधून ही नवी रेषा ठरवण्यात आली, आणि जुन्या रस्त्याची जागा किनाऱ्याला परत देण्यात आली. तिथे मागे मोकळी जमीन होती आणि तिचे मालक मोजके होते, या दोन अनुकूलतांशिवाय हे काम सोपे झाले नसते.

वाळूच्या दांड्यावरचा अनुभव याच्या उलट आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात स्लॅप्टन येथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गोड्या पाण्याचे सरोवर असलेल्या गोट्यांच्या बांधावरून जाणारा रस्ता जानेवारी २००१ मध्ये तुटला, काही मीटर आत सरकवून पुन्हा बांधला गेला, आणि मार्च २०१८ च्या वादळात पुन्हा खचला; मागे सरोवर असल्याने आत सरकण्याला मुळातच मर्यादा होती. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रोडांथे येथे अशाच अरुंद दांड्यावरचा रस्ता वारंवार वाळूखाली आणि पाण्याखाली जाऊ लागल्यावर त्याला आतल्या खाडीच्या पाण्यावरून जाणारा जवळपास चार किलोमीटरचा पूल बांधून वळवण्यात आले, आणि तो जुलै २०२२ मध्ये खुला झाला. देवबाग किंवा तळाशीलला भौगोलिकदृष्ट्या हीच उदाहरणे अधिक जवळची आहेत. खर्चाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी असा पूल वाटेतल्या वाड्यांना ओलांडून जातो. रोडांथेत तुटणारा भाग बराचसा निर्जन होता, तर मालवणच्या दांड्यांवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे आहेत, म्हणून तेथे पूल हा रस्त्याचा पर्याय ठरू शकला तरी गावाचा ठरत नाही.

भारतात किनारी रस्ता नियोजनपूर्वक मागे घेतल्याची उदाहरणे तुरळक आहेत. जागच्या जागी राखण्याकडेच कल दिसतो. तिरुवनंतपुरमचा शंखुमुखम रस्ता समुद्राने तोडल्यावर जमिनीत खोलवर ओतलेली काँक्रीटची पडदी भिंत बांधून २०२२ मध्ये तिथेच पुन्हा सुरू करण्यात आला. वस्ती हलवण्याचे मोठे उदाहरण ओडिशातील सातभायाचे आहे. समुद्राने एकेक गाव गिळत नेल्यावर तेथील कुटुंबांचे बागपतिया येथे पुनर्वसन झाले, पण ते अनेक दशकांच्या हानीनंतर.

कायदा, जमीन आणि पैसा

किनारी नियमन क्षेत्र अधिसूचना, जी प्रथम १९९१ मध्ये आली आणि २०११ व २०१९ मध्ये नव्याने काढण्यात आली, ती भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामांवर निर्बंध घालते. २०१९ च्या अधिसूचनेत विरळ लोकवस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे ना-विकास क्षेत्र २०० मीटरचे, तर दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ५० मीटरचे आहे. धूप रोखण्याच्या कामांना या चौकटीत वाव आहे. भविष्यातील धूप आणि पाणीपातळी लक्षात घेऊन भारतीय सर्वेक्षण विभागाने आखलेली धोकारेषाही नकाशांवर असते, पण तिचा उपयोग आपत्तीनियोजनाचे साधन म्हणून अपेक्षित असून ती स्वतः कोणतेही बांधकाम रोखत नाही. म्हणजे रस्त्याची नवी आखणी कुठवर मागे असावी, याचे एक शास्त्रीय उत्तर शासनाच्या दप्तरी उपलब्ध असूनही त्याचे आखणीवर बंधन नाही.

आत नेलेला रस्ता कोणाच्या तरी जमिनीतूनच जाणार. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनच्या दरम्यानच्या गुणकाने गुणून, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम देण्याची तरतूद केली आहे. सिंधुदुर्गात अडचण बहुधा दरापूर्वीच सुरू होते: एका सातबारावर अनेक सहहिस्सेदार, त्यांतील कित्येक मुंबईत, कित्येकांच्या वारसनोंदी राहिलेल्या, आणि सामाईक जमिनीची वाटणी कागदावर न झालेली. किनाऱ्यावरच्या गाबीत आणि इतर मच्छीमार कुटुंबांची अडचण याच्या उलट असते. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे, पण जमिनीचा उतारा नावावर नाही, त्यामुळे मोबदल्याच्या यादीत त्यांचे स्थान डळमळीत राहते.

सडा मोकळा दिसतो म्हणून तो रिकामा समजण्याचीही चूक होते. पावसाळ्यात सड्यावर साचणारे आणि मुरणारे पाणी खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना आणि विहिरींना पुरते, तेथे अल्पजीवी रानफुलांची समृद्ध सृष्टी आहे, गुरांची चराई आहे, आणि काही सड्यांवर कातळशिल्पे आहेत. मालवण तालुक्यातील कुडोपीचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातील इतर कातळशिल्पांसह झाला आहे. नव्या रस्त्याची रेषा यांतून कशी काढायची, हे नकाशावरच्या अंतराइतकेच काळजीने ठरवावे लागते.

निधीच्या बाबतीत एक असमतोल ठळकपणे जाणवतो. बंधारा हे परिचित काम आहे. त्याचे अंदाजपत्रक कसे करायचे, मंजुरी कोठून घ्यायची आणि भूमिपूजन कोणी करायचे, हे सर्वांना ठाऊक असते. रस्ता मागे घेण्याच्या कामात रस्ता एका खात्याचा, किनारा दुसऱ्याचा, भूसंपादन महसुलाचे आणि पुनर्वसन आणखी कोणाचे, अशी विभागणी होते आणि पुढाकार कोणाकडेच राहत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राष्ट्रीय आपत्ती निधींमधून धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची शिफारस केली, तेव्हा स्थलांतर हेही खर्चाचे रीतसर कारण म्हणून प्रथमच ठळकपणे मान्य झाले. देशभरासाठी ही रक्कम तुटपुंजी असली तरी तिने दाखवलेली दिशा महत्त्वाची आहे.

मालवणापुरता निष्कर्ष

वरील सर्व बाबी एकत्र पाहिल्यास मालवण किनाऱ्यासाठी दोन स्वतंत्र धोरणांची आवश्यकता दिसते. जिथे रस्ता जांभ्याच्या कड्याजवळून जातो आणि मागे सडा आहे, तिथे आधी पाण्याचा निचरा समुद्रापासून दूर वळवावा, कड्याच्या काठाचे रस्त्यापासूनचे अंतर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोजावे, आणि ते ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली गेले की भूसंपादनाची प्रक्रिया आपोआप सुरू व्हावी, अशी पूर्वघोषित रीत ठेवता येईल. भूसंपादनाला अनेक वर्षे लागतात, हे धरूनच ही मर्यादा ठरवली पाहिजे. रस्ता खचल्यावर सुरू झालेली मोजणी नव्या रस्त्याला कधीच वेळेवर पोहोचवत नाही. अशा ठिकाणी बंधाऱ्यावर खर्च करणे क्वचितच समर्थनीय ठरेल, कारण बंधारा पायथा राखतो, वरून झिरपणाऱ्या पाण्याचे तो काहीच करू शकत नाही.

देवबाग आणि तळाशीलच्या दांड्यांवर रस्ता आत नेण्याची भाषा फसवी आहे, कारण एका मर्यादेपलीकडे आत म्हणजे खाडी. तिथे रस्त्याखालून नळपाणी योजनेची वाहिनी जाते, कडेने विजेचे खांब जातात, आणि त्यावरून एस.टी. येते, शिवाय वाळूत साठलेल्या गोड्या पाण्याच्या थरावर विहिरी चालतात आणि पट्टी अरुंद झाली की तो थरही मचूळ होत जातो. म्हणून रस्त्याचा निर्णय वस्तीच्या निर्णयापासून वेगळा काढता येत नाही. समुद्राच्या बाजूचा बंधारा अशा ठिकाणी काही वर्षांचा अवकाश मिळवून देतो, आणि तेवढ्यापुरता तो समर्थनीय आहे. मात्र त्या अवकाशात खाडीतील वाळूउपशाला आवर घालणे, मच्छीमार वस्त्यांचे सीमांकन करून घरांना उतारा देणे, आणि जे कुटुंब स्वेच्छेने हलू इच्छिते त्याला जवळच, समुद्राशी धंद्याचा संबंध न तुटेल अशी जागा राखून ठेवणे ही कामे झाली नाहीत, तर मिळालेला वेळ वाया जातो. सातभायाचा धडा हाच आहे की स्थलांतराची तयारी जितकी उशिरा सुरू होते तितकी ती हलणाऱ्यांच्या हातून निसटत जाते.

बंधारा मंजूर करताना तो किती वर्षांसाठी आहे आणि त्या वर्षांत कोणती कामे पुरी करायची आहेत, हे त्याच आदेशात लिहिण्याची अट घातली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही आणि वेगळा निधीही लागणार नाही. आज बंधाऱ्याच्या प्रस्तावात लांबी, उंची आणि रक्कम असते, मुदत नसते. ती मुदत लिहिली जाऊ लागली, की रस्ता राखायचा, हलवायचा की सोडून द्यायचा हा प्रश्न ग्रामसभेपुढे वेळेत येईल, आणि त्याचे उत्तर देण्याची संधी त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना मिळेल.